एकट्या आईने किंवा बाबांनी मृत्युपत्र कसं करायचं: आधी मुलांचा पालक, मग घर

शाळेच्या फॉर्ममध्ये "आई-वडिलांव्यतिरिक्त संपर्क" असा एक रकाना असतो ना, तिथे मी अडकले होते. मिस्टरांना जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते, मुलगी ११ ची आणि मुलगा ६ चा. बहिणीचा नंबर टाकला आणि त्या रात्री झोपच लागली नाही, कारण मला काही झालं तर मुलं तिच्याकडे जावीत हे मी कुठेच लिहिलेलं नव्हतं, तिला साधं विचारलंही नव्हतं. त्यानंतर काही महिन्यांत नेरुळहून ठाण्याला खेपा घालून विल करून टाकलं. तुमची मुलं लहान असतील आणि जोडीदार नसेल तर हे काम म्हातारपणावर ढकलू नका, कळकळीने सांगतेय.

सुरुवात घर कोणाला यापासून करू नका, मुलं कोणाकडे यापासून करा. हिंदू कायद्यात (बौद्ध, जैन, शीख पण यातच येतात) विधवा आई मृत्युपत्रातून मुलांसाठी पालक नेमू शकते, बाबांनाही तो अधिकार आहे, १९५६ च्या पालकत्व कायद्यात तसं कलमच आहे. उद्या घरात वाद झाला तर कोर्ट मुलांचं हित बघूनच ठरवतं, पण आईने स्वतः लिहून ठेवलेलं असलं की त्याला वजन येतं. माझ्या विलमधलं वाक्य साधारण असं आहे: "माझ्या मृत्यूसमयी माझी मुले अज्ञान असल्यास त्यांची पालक म्हणून मी माझ्या बहिणीची नेमणूक करते, तिला शक्य नसल्यास माझ्या धाकट्या दिरांची." अज्ञान म्हणजे १८ वर्षांखालचं, सातबाऱ्यावर "अ.पा.क." (अज्ञान पालनकर्ता) लिहितात त्यातला अ तोच. दोन नावं द्याच, आणि विल लिहायच्या आधी त्या माणसाला समोर बसवून विचारा. माझी बहीण रडली आणि मग म्हणाली, ताई, मुलांची शाळा बदलायची की नाही तेही सांगून ठेव. किती बरोबर होतं तिचं! ते मी वेगळ्या कागदावर लिहिलं, औषधं, ॲलर्जी, मुलाला अंधारात झोप लागत नाही हे सुद्धा.

मुलं सांभाळणारा आणि पैसे सांभाळणारा माणूस एकच हवा असं काही नाही. मी बहिणीला मुलं दिली आणि दिरांना एक्झिक्युटर केलं, म्हणजे विलप्रमाणे सगळं वाटून देणारा माणूस. बहीण प्रेमाने करेल पण बँकेत गेली की घाबरते, आणि दीर सगळे हिशेब चोख ठेवतात.

आता घर. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून नीट वाचा. आमचा फ्लॅट दोघांच्या नावावर, निम्मा-निम्मा. मिस्टरांनी विल केलं नव्हतं. मला वाटत होतं आता अख्खं घर माझं, सोसायटीनेही शेअर सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूला माझ्या एकटीचं नाव चढवून दिलं. पण हिंदू वारसा कायद्यात नवरा विल न करता गेला तर त्याच्या हिश्श्यात बायको, प्रत्येक मूल आणि त्याची आई हे सगळे सारख्या वाट्याचे वारस असतात. म्हणजे त्यांच्या निम्म्याचे चार भाग, प्रत्येकाला अख्ख्या घराचा आठवा हिस्सा. माझे झाले आठातले पाच, दोन्ही मुलांचा एकेक आणि सासूबाईंचा एक. विलमध्ये मी फक्त माझे पाच देऊ शकते, बाकीचे माझे नाहीतच. सासूबाईंनी स्वतःहून रजिस्टर्ड हक्कसोडपत्र करून दिलं, त्याचे उपकार मी विसरणार नाही. अज्ञान मुलांच्या नावाने मात्र हक्कसोड करता येत नाही, त्यांचा हिस्सा विकायचा म्हटलं तरी कोर्टाची परवानगी लागते. तेव्हा आधी घरखरेदीचं अ‍ॅग्रीमेंट आणि इंडेक्स टू (रजिस्ट्रेशनच्या नोंदीचा उतारा) काढा आणि आपल्या नावावर खरंच किती आहे ते वकिलाकडून समजून घ्या. नवी मुंबईत बिल्डिंग सिडकोच्या लीजवर असेल तर सोसायटीबरोबर सिडकोकडची नावाची नोंदही बघून घ्या.

नॉमिनी म्हणजे मालक असं धरून चालू नका. सोसायटीत नॉमिनीला पुढे करतात ते वारस ठरेपर्यंतच, आणि कंपन्यांच्या शेअर्सच्या बाबतीतही नॉमिनी मालक होत नाही हे सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलंय. तरी नॉमिनेशन करायचंच, कारण पैसा हातात लवकर येतो. आणि आजच एक बघा, तुमच्या पीएफला, पॉलिसीला, एफडीला अजून गेलेल्या माणसाचंच नाव नॉमिनी म्हणून आहे का. माझ्या पाचपैकी तीन ठिकाणी होतं. पॉलिसीत मूल अज्ञान असेल तर त्याच्या वतीने पैसे घेणारा अपॉइंटी द्यावा लागतो, तो रिकामा ठेवू नका.

लिहायचं कसं? साध्या कागदावर, मराठीत, हाताने लिहिलं तरी चालतं, स्टँप पेपर लागत नाही, नोटरीची सक्ती नाही. आधीची मृत्युपत्रं रद्द असं पहिल्याच परिच्छेदात टाका. खाते नंबर, फ्लॅट नंबर, दागिने स्पष्ट लिहा आणि शेवटी "याशिवाय जे काही असेल ते" अशी एक ओळ हवीच, नाहीतर नंतर घेतलेली एफडी बाहेर राहते. दोन साक्षीदारांनी तुम्हाला सही करताना बघायला हवं आणि त्यांनी तुमच्यासमोर सही करायची, आत काय लिहिलंय ते त्यांना वाचायला द्यायची गरज नाही. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका, आणि साक्षीदार वयाने आपल्यापेक्षा लहान बघा. मी समोरच्या फ्लॅटमधली मुलगी आणि ऑफिसातला एक सहकारी घेतला. प्रत्येक पानावर सही केली.

रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही, पण मी केलं, कारण सासर-माहेर दोन्हीकडे माणसं भरपूर आणि नंतर कोणी सहीवर शंका घ्यायला नको. सब-रजिस्ट्रारकडे दोन्ही साक्षीदार आणि ओळखपत्रं घेऊन जायचं, स्टँप ड्युटी नसते. आजारपण असेल तर डॉक्टरांचं मानसिक स्थिती उत्तम असल्याचं सर्टिफिकेट जोडा.

वकिलाच्या फीची काळजी असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, बायकांना उत्पन्न कितीही असलं तरी तिथे मोफत मदत मिळते, हेल्पलाइन १५१००. खारघर-पनवेलकरांचा जिल्हा ठाणे नाही, रायगड, हे लक्षात ठेवा. मुस्लिम कुटुंबात वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशच विलने देता येतं, आणि ख्रिश्चन-पारशी माणसाने पुन्हा लग्न केलं तर आधीचं विल रद्द होतं, तर त्यांनी वकिलाला हे आधीच विचारावं.

ओरिजिनल आपल्या एकटीच्या लॉकरमध्ये ठेवू नका, आपण गेल्यावर तो लॉकर उघडतानाच नाकी नऊ येतात. माझं निळ्या फाइलमध्ये कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहे, झेरॉक्स दिरांकडे. मुलगी आता १४ ची आहे, गेल्या महिन्यात तिला फाइल दाखवली. तिने पानं उलटली नाहीत, फक्त म्हणाली, "मावशीला माहितीये ना?" मी म्हटलं हो, सगळ्यात आधी तिलाच विचारलं. मग ती अभ्यासाला बसली. ती १८ ची झाली की फाइल पुन्हा काढायची आणि विल नव्याने करायचं, धाकट्याच्या पालकांमध्ये तिचं नाव घालायचं का ते तेव्हा तिलाच विचारेन.