स्वस्तातला गेमिंग पीसी घेताय? निदान या चुका तरी टाळा

पार्ट्सची यादी माझ्याकडे नेहमी एकाच थाटात येते. ‘जरा नजर टाक ना, आजच ऑर्डर करायचीय.’ प्रोसेसरचं नाव-गाव सगळं नीट लिहिलेलं असतं. गेमचं चित्र काढणाऱ्या ग्राफिक्स कार्डाचं नाव अर्धंच. कॅबिनेटला लाईटवाले पंखे किती, ते मात्र आवर्जून. आणि अगदी तळाला एक ओळ असते, ‘एसएमपीएस ५०० वॅट, कुठलाही’. एसएमपीएस म्हणजे भिंतीतली वीज घेऊन आतल्या सगळ्या पार्ट्सना पुरवणारा डबा. त्या ‘कुठलाही’पाशी माझं डोकं उठतं, कारण हा शब्द एकदा मीही लिहून बसलोय.

‘एसएमपीएस काय, कुठलाही चालेल’

२०१५ साली मी जीटीएक्स ९६० हे ग्राफिक्स कार्ड घेतलं, नवं कोरं. जोडीला आय-फाइव्ह ४४६० प्रोसेसर. एसएमपीएस कॅबिनेटसोबतच आलेला होता, त्याच्या अंगावर भल्या मोठ्या अक्षरांत ५०० वॅट छापलेलं. साधे गेम तासन्‌तास चालायचे. पण मोठी मारामारी सुरू झाली, स्क्रीनभर धूर आणि स्फोट झाले, की आतून ‘टक्’ असा आवाज यायचा आणि पीसी बंद. निळा स्क्रीन नाही, एरर नाही, काही नाही. दिवे गेल्यासारखा अंधार.

मग मी तेच केलं जे सगळे करतात. ड्रायव्हर उडवून पुन्हा टाकला. विंडोज दोनदा नव्याने टाकली. रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने घासले. प्रोसेसरची पेस्ट बदलली. असे तीन आठवडे गेले. शेवटी कार्डच गंडलंय अशी स्वतःची समजूत घालून ते परत पाठवायला खोक्यात भरलंही. त्या संध्याकाळी एक मित्र स्वतःच्या पीसीतला एसएमपीएस काढून घेऊन आला आणि त्याने तो माझ्या हातात दिला. दुसऱ्या हातात माझा होता. तिथेच कळलं. त्याच्यापुढे माझा म्हणजे रिकामा पत्र्याचा डबा.

मग पहिल्यांदा त्याच्या पोटावरचं लेबल वाचलं. १२ व्होल्टच्या रकान्यात लिहिलं होतं १८ अँपिअर. बारा अठरे दोनशे सोळा. म्हणजे प्रोसेसर आणि कार्ड ज्या लाइनवर जगतात तिच्यावर २१६ वॅट, आणि बाकीची बढाई ३.३ आणि ५ व्होल्टच्या लाइनींवर, ज्यांना हल्लीचा पीसी फारसा हातही लावत नाही. माझं कार्ड १२० वॅटचं, प्रोसेसर ८४चा. झाले २०४. पंखे आणि हार्ड डिस्क वेगळेच. त्यात कार्ड आपल्या ठरल्या आकड्याच्या वर क्षणभर उडी मारतं ती मारतंच. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मित्राचा एसएमपीएस जोडला, त्या रात्री दोन वाजेपर्यंत खेळलो, एकदाही ‘टक्’ झालं नाही.

तेव्हापासून मी एसएमपीएसचं नाव विचारत नाही, लेबलचा फोटो मागतो. १२ व्होल्टचे अँपिअर गुणिले बारा, एवढेच वॅट खरे धरतो. कार्ड आणि प्रोसेसरची बेरीज करून तिच्या दीडपट तरी आकडा निघाला पाहिजे. हा माझा ठोकताळा आहे, याला कुणी शास्त्र म्हणू नये. ‘अरे पण ८० प्लस आहे ना’ असं कुणीतरी म्हणतंच. ८० प्लस फक्त एवढंच सांगतं की भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती वाया न जाता आत पोहोचते. ओव्हरलोड झाल्यावर तो शहाण्यासारखा बंद होईल की सोबत मदरबोर्डही घेऊन जाईल, हे त्या स्टिकरवर लिहिलेलं नसतं. तरीही स्टिकरच नसलेला एसएमपीएस मी दारात उभा करत नाही.

आणि तो साटातून, म्हणजे हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या प्लगमधून, कार्डासाठी सहा पिन काढणारा अ‍ॅडॉप्टर! ‘कार्डाला प्लग नाहीये, पण हा जुगाड मिळतो ना.’ मिळतो, विषही मिळतं. साटाच्या प्लगमधून १२ व्होल्टवर साडेचार अँपिअर जायची सोय असते, म्हणजे ५४ वॅट. सहा पिनच्या प्लगमधून कार्ड ७५ वॅट मागू शकतं. बाकीचं काम प्लास्टिक करतं, वितळून. असा एक काळा पडलेला प्लग माझ्या खणात आहे. यादी घेऊन कुणी घरी आलं की आधी तो दाखवतो.

नाव तेच, कार्ड दुसरं

नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, हे ग्राफिक्स कार्डांच्या बाबतीत जेवढं खरं आहे तेवढं क्वचितच कुठे असेल. जीटीएक्स १०६० घ्या. ६ जीबीवाल्यात १२८० कोअर (चिपमधले काम करणारे छोटे भाग) होते आणि ३ जीबीवाल्यात ११५२. म्हणजे फक्त मेमरी कमी नव्हती, चिपच छाटलेली होती, नाव मात्र तेच. आरटीएक्स ३०५०चं तसंच, ८ जीबीत २५६० कोअर आणि मेमरीकडे जायचा १२८ बिटचा रस्ता, ६ जीबीत २३०४ कोअर आणि ९६ बिट. आरटीएक्स ३०६० १२ जीबीत १९२ बिट, ८ जीबीत १२८. आणि या सगळ्यांचा मुकुटमणी जीटी १०३०. त्याची डीडीआर४वाली आवृत्ती आली तेव्हा मेमरीचा वेग आधीच्या जीडीडीआर५वालीच्या जेमतेम एक-तृतीयांश उरला होता. खोक्यावर दोन्हीकडे १०३०च.

३०५० ६ जीबी वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. ते ७० वॅटवर चालतं, बहुतेक मॉडेलना वेगळा प्लग लागत नाही, जुन्या पीसीसाठी ते कार्ड मी स्वतः सुचवलंय. पण ८ जीबीवालीच्या चाचण्या बघून ६ जीबीवाली घ्यायची आणि मग ‘माझ्याकडे एवढे एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं) का येत नाहीत’ म्हणून रडायचं, याला इलाज नाही. कार्डाचं आडनावासकट पूर्ण नाव, किती जीबी, मेमरी कुठल्या जातीची आणि किती बिट, एवढं वाचायला एक मिनिट लागतं. घाई असणाऱ्यांकडे नेमकं तेच मिनिट नसतं.

असाच एक बारीक खड्डा आरएक्स ६५०० एक्सटीत आहे. हे कार्ड मदरबोर्डाशी पीसीआयई नावाच्या रस्त्याने बोलतं, तेही फक्त चार लेननी. रस्ता चौथ्या पिढीचा, म्हणजे पीसीआयई ४ असेल तर ते खपून जातं. ३ असेल तर रस्ता निम्मा होतो, आणि मेमरी ४ जीबीच असल्यामुळे ती भरली की गेम अडखळायला लागतो. गंमत म्हणजे एएमडीचे रायझन ५ ५५०० आणि ५६००जी हे प्रोसेसर नव्या बोर्डावर बसवले तरी पीसीआयई ३च देतात. स्वस्त प्रोसेसर आणि स्वस्त कार्ड म्हणून लोक नेमकी हीच जोडी लावतात. इंटेलचं आर्क कार्ड घेणार असाल तर मदरबोर्डाच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये) रिसायझेबल बार, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम गाठू देणारी सोय, आहे का, ते कार्ड घेण्याआधी बघा. ते नसेल तर आर्क नको.

सेकंड हँड कार्ड हातात आलं की मी गेम लावत नाही, आधी कार्डाची माहिती दाखवणारा जीपीयू-झेड लावतो. जुनाट जीटीएस ४५० किंवा जीटीएक्स ५५० टीआयचं बायोस बदलून ते १०५० टीआय म्हणून खपवण्याचा धंदा बरीच वर्षं चालू आहे. हा छोटा प्रोग्राम बहुतेक वेळा चोर पकडतो आणि नावापुढे सरळ ‘फेक’ लिहून दाखवतो.

‘आय-सेव्हन आहे, अजून काय पाहिजे?’

कुठल्या पिढीचा, ते पाहिजे. २०११च्या आय-सेव्हन २६००ला चार कोअर आणि आठ थ्रेड. २०२२च्या आय-थ्री १२१००लाही चार कोअर आणि आठ थ्रेड. खेळायला बसलात तर आय-थ्री त्याला कुठल्या कुठे मागे टाकतो. शिवाय जुन्याला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि काही ऑनलाइन गेम टीपीएम आणि सिक्युअर बूट (नव्या पीसीतल्या सुरक्षेच्या सोयी) नसेल तर दारातूनच परत पाठवतात.

ऑफिसातून निघालेला सडपातळ डबा

कल्पना चांगली आहे. जुना ऑफिसचा पीसी घ्यायचा, त्यात कार्ड टाकायचं. फक्त डबा उभा आणि रुंद घ्या. सडपातळ घेतलात तर कार्ड अर्ध्या उंचीचं लागतं, एसएमपीएस कंपनीच्या खास मापाचा असतो, त्याचे प्लगही खास, आणि बाजारातला साधा एसएमपीएस त्यात बसत नाही. एकाने झाकण न लावता कार्ड बाहेर लोंबकळत ठेवून वर्षभर गेम खेळला. मी काही बोललो नाही.

‘मामा, कार्ड खराब आलंय’

भाच्याचा फोन. पीसी त्याने स्वतः जोडलेला, त्याचं मला कौतुकच आहे. गेम मात्र स्लाइड शोसारखा चालत होता. ‘परत पाठवायचा फॉर्म भरतोय, तू फक्त एकदा सांग की खराबच आहे.’

‘मी येईपर्यंत काही भरू नकोस.’

गेलो, पीसी फिरवला. मॉनिटरची केबल वर, यूएसबीच्या शेजारी, मदरबोर्डच्या एचडीएमआयमध्ये. खाली आडव्या रांगेत कार्डाचे पोर्ट, त्यांच्यावरची रबरी टोपणंसुद्धा अजून तशीच. म्हणजे महागडं कार्ड आत नुसतं बसून होतं आणि प्रोसेसरमधलं बिचारं छोटं ग्राफिक्स सगळा गेम ओढत होतं. मी टोपण काढून केबल खाली लावली. भाचा एकदम मोबाईलमध्ये बघायला लागला.

(त्याच्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स होतं म्हणून निदान चित्र तरी दिसलं. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असतो त्यात ते नसतं. तिथे हीच चूक केली की स्क्रीन काळा, आणि लोक मदरबोर्ड मेला म्हणून बोंब मारतात.)

गेम धावायला लागला, पण मधूनच गचके. टास्क मॅनेजर उघडला. रॅम १६ जीबी, एकच स्टिक, वेग २१३३. ‘तू तर ३२००ची घेतली होतीस ना?’ घेतली होती. पण डीडीआर४ रॅम बहुतेक वेळा आपल्या नावावरच्या वेगाने आपोआप धावत नाही, बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी नावाचं सेटिंग चालू करावं लागतं. ते केलं. एकच स्टिक का, तर म्हणे ‘पुढे दुसरी टाकीन’. हा युक्तिवाद मी इतक्यांदा ऐकलाय की मला तो पाठ आहे. ती ‘पुढे’ कधी येत नाही. एका स्टिकवर प्रोसेसरला मेमरीकडे जायचा एकच रस्ता मिळतो, ८-८च्या दोन घेतल्या तर दोन मिळतात. ग्राफिक्स कार्ड न घेता प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर खेळणार असाल तर हा फरक जीवघेणा, कारण तिथे रॅम हीच ग्राफिक्सची मेमरी. मी त्याला तशीच दुसरी स्टिक आणायला लावली. बोर्डाला चार खाचा असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसरी आणि चौथी, शेजारी-शेजारी नाही. बहुतेक बोर्डांना हेच लागू पडतं, तरी पुस्तिकेतलं चित्र बघाच.

निघता निघता सहज विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये डोकावलो. मॉनिटर १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलू शकणारा, सेटिंग ६०वर. दोन महिने!

म्हणून कुणी म्हणालं की कार्ड खराब आहे, तर माझा क्रम ठरलेला आहे. पहिल्यांदा केबल कुठे आहे, मग रॅम किती स्टिक आणि किती वेगाने, मग हर्ट्झ, मग तापमान, आणि कार्ड अगदी शेवटी. दहातल्या आठ वेळा कार्डापर्यंत जावं लागतच नाही.

उरलेलं, पटापट

प्रोसेसरच्या कूलरच्या बुडाला प्लास्टिकची फिल्म असते, ती काढायची असते. हसू नका, हे मी तीनदा बघितलंय.

कॅबिनेटच्या तोंडावर अखंड काच असेल तर हवा कुठून जाणार? जाळीवालं घ्या, दिसायला साधं असलं तरी.

हार्ड डिस्क फोटो आणि सिनेमे ठेवायला. विंडोज आणि गेम एसएसडीवरच.

बी४५० या जुन्या जातीच्या बोर्डावर रायझन ५००० मालिकेचा प्रोसेसर बसवताय तर बायोस आधी अपडेट झालंय का विचारा, नाहीतर पीसी चालूच होणार नाही.

बॉटलनेक (एक पार्ट दुसऱ्याला किती अडवतो) किती टक्के ते सांगणाऱ्या वेबसाइटवर यादी टाकून मला स्क्रीनशॉट पाठवू नका. कुठला गेम, कुठलं रिझोल्यूशन, हे नीट न विचारता टक्केवारी देणाऱ्याला मी ज्योतिषी म्हणतो.

मॉनिटर ठरवल्याशिवाय कार्ड ठरवू नका. १०८०पीच्या, म्हणजे साध्या फुल एचडी स्क्रीनसाठी कार्डावर ओतलेला जादा पैसा स्क्रीनवर दिसत नाही.

आणि सगळं जोडून झालं की पहिल्याच आठवड्यात, परत करायची मुदत चालू असतानाच, सगळ्यात जड गेम सलग दोन-तीन तास चालवून बघा आणि तोवर एकही खोकं टाकू नका. भाचा जे कार्ड परत पाठवायला निघाला होता ना, त्याचं खोकं त्याने पहिल्याच दिवशी फाडून टाकलं होतं.