थाळी मोफत, पण स्टार बघा: ऑफरवरून हॉटेलात वाद झाला तर

सात वर्षं मी ठाण्यात एका फॅमिली रेस्टॉरंटच्या गल्ल्यावर बसत होते. शनिवारी रात्री साडेदहाच्या सुमारास एखादे काका बिल हातात धरून यायचे, मागे काकू बडीशेप चघळत उभ्या, आणि काका विचारायचे, "बाहेर वीस टक्के लिहिलंय, इथे कुठे आहेत?" मग मी त्यांना बोर्डाच्या तळाची ओळ सांगायचे: फक्त सोमवार ते गुरुवार. काका बाहेर जाऊन वाचून यायचे. ती ओळ वाचायला त्यांना तुळशीएवढी एक कुंडी बाजूला करावी लागायची. कुंडी कोणी ठेवली होती ते मी सांगत नाही, पण पाणी मीच घालायचे.

आता ती नोकरी सुटली आणि मी टेबलाच्या या बाजूला आले. त्यामुळे पुढे लिहिलंय ते दोन्हीकडचं आहे. एक गोष्ट आधीच सांगते. ऑफरवरून वाद घालायची वेळ जेवणाआधीची असते. पोट भरल्यावर आणि बिल छापल्यावर तुमच्या हातात फारसं काही उरत नाही.

ऑर्डर देण्याआधी

वेटरचं "हो हो, मिळेल ना" कुठेच लिहिलं जात नाही. लिहिली जाते ती केओटी, म्हणजे किचनला जाणारी ऑर्डरची चिठ्ठी. तीच पुढे बिलात उतरते. म्हणून वेटरला न विचारता कॅप्टनला बोलवा (ज्याच्या हातात पॅड किंवा टॅब असतो तो) आणि सरळ विचारा: "ही ऑफर आज, या टेबलाला, आम्हा पाच जणांना लागू आहे ना? मग तसं केओटीवर टाका."

यातला एकही शब्द गाळू नका. 'आज' अशासाठी, की शनिवार-रविवार, सणवार आणि ३१ डिसेंबर बहुतेक ऑफरमधून वगळलेले असतात. 'या टेबलाला' अशासाठी, की एका टेबलाला एकच कूपन चालतं, किंवा ऑफर खालच्या हॉलला असते आणि तुम्ही वर एसीत बसलेले असता. आणि 'पाच जणांना' का, ते आमच्या घरच्या प्रसंगावरून सांगते.

सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला आम्ही डोंबिवलीत एका अनलिमिटेड थाळीच्या ठिकाणी गेलो. त्यांच्या पोस्टवर होतं, "वाढदिवस तुमचा, थाळी आमच्याकडून!" आणि स्टार मारून खाली, "चौघांसोबत आल्यास." आम्ही मोजून गेलो होतो: मी, नवरा, नणंद, आमचा आठ वर्षांचा मुलगा, आणि पाचवे बाबा. दारातच कॅप्टन म्हणाला, "मॅडम, सोबत चार लागतात. मुलाची हाफ थाळी आहे, म्हणजे तुम्ही साडेतीन झालात."

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी फोन काढला. "दादा, इथे 'चौघांसोबत' लिहिलंय. 'चार मोठ्यांसोबत' कुठे लिहिलंय? हा थाळी अर्धी खातो, पण माणूस अख्खा आहे." कॅप्टन हसला, आत जाऊन मॅनेजरला विचारून आला आणि म्हणाला, "बसा मॅडम." माझं वक्तृत्व काही थोर नव्हतं. आम्ही अजून उभे होतो आणि समोरच दुसरं थाळीचं हॉटेल होतं, हे त्याला दिसत होतं. हाच संवाद श्रीखंड खाऊन झाल्यावर झाला असता, तर मी साडेतीनच राहिले असते.

तेव्हा निघण्यापूर्वी स्क्रीनशॉट काढाच. नुसतं मोठ्या अक्षरांचं चित्र पुरत नाही, खालच्या अटी आणि पोस्टची तारीखही त्यात आली पाहिजे. इन्स्टाग्रामची स्टोरी चोवीस तासांत गायब होते. मग "आम्ही असं टाकलंच नव्हतं" म्हणायला कोणीही मोकळं.

बिल आल्यावर

पैसे आधी देऊ नका. क्यूआर स्कॅन करून मोकळं व्हायची आपल्याला सवय लागली आहे, आणि तिथेच घोटाळा होतो. बिल 'सेटल' झालं की ते पुन्हा उघडायला मॅनेजरचा पासवर्ड लागतो आणि रद्द केलेल्या प्रत्येक बिलाचं कारण रात्री मालकाला द्यावं लागतं. गल्ल्यावरची मुलगी "आता काही होणार नाही" म्हणते, तेव्हा बऱ्याचदा तिला तुमचं पटलेलं असतं, फक्त तिला ते बिल उघडायचं नसतं. मी स्वतः तसं म्हटलेलं आहे.

सूट कशावर धरली ते पहिल्यांदा बघा. पाण्याच्या बाटल्या, कोल्ड्रिंक, दारू, कधी आइस्क्रीमसुद्धा वगळलेलं असतं. अटींत तसं लिहिलं असेल तर भांडू नका. लिहिलेलं नसेल तर कुठे लिहिलंय ते दाखवायला सांगा.

मग सर्व्हिस चार्ज. हा कर नाही, आणि तो आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ती कायम ठेवली. ऑफरच्या बिलात याची गंमत अशी होते: जेवण २००० चं, दहा टक्के सूट, झाले १८००. मग मूळ २००० वर दहा टक्के सर्व्हिस चार्ज. पुन्हा २०००, वर जीएसटी वेगळा. "हा काढा" एवढंच म्हणा. कारण द्यायची गरज नाही.

आणि जीएसटी. सूट बिलातच दाखवली असेल तर कर सूट वजा केलेल्या रकमेवर लागतो. बाबांच्या थाळीचं बिल आलं तेव्हा तीन थाळ्या ४५० च्या आणि एक अर्धी २२५ ची, असे १५७५ बरोबर होते. पण पाच टक्के कर मात्र २०२५ वर लावला होता, म्हणजे बाबांची 'मोफत' थाळीही करात धरली होती. ७८ रुपये ७५ पैशांच्या जागी १०१ रुपये २५ पैसे. फरक साडेबावीस रुपयांचा. नवरा म्हणाला, "अगं, सोड ना आता." सात वर्षं दुसऱ्यांची बिलं केलेल्या बाईला असं सांगून उपयोग नसतो. बिल बदलून आलं. वन प्लस वनच्या ऑफरमध्ये हीच चूक हमखास होते, कारण सॉफ्टवेअरमध्ये फुकटचा पदार्थही पूर्ण किमतीने टाकलेला असतो आणि सूट कर लावून झाल्यावर कापली जाते.

अ‍ॅप आणि बँकेच्या ऑफर

इथे हॉटेलवाल्याशी भांडून फायदा नाही. "६० टक्के सूट, १२० रुपयांपर्यंत" यात खरा आकडा १२० हाच. ६०० च्या ऑर्डरवर ती वीस टक्केच पडते. टेबलावर बसून अ‍ॅपची सूट हवी असेल, तर बिलही अ‍ॅपमधूनच भरावं लागतं. गल्ल्यावर रोख दिलेत की सूट गेली, आणि ती परत देणं काउंटरच्या हातात नसतं. कार्डाच्या कॅशबॅकचा प्रश्न तुमचा आणि बँकेचा. तिथे कार्डाचा नेमका प्रकार बघा, एकाच बँकेच्या एका कार्डावर ऑफर असते आणि दुसऱ्यावर नसते.

ऐकलंच नाही तर

आवाज चढवू नका. हॉटेलात गर्दीसमोर ओरडणाऱ्याला लवकर वाटेला लावतात, पण त्याचं म्हणणं मान्य करून नाही. मॅनेजरला बाजूला बोलवा आणि स्क्रीनशॉट समोर धरून विचारा, "यातली कोणती अट आम्ही पाळली नाही, ती ओळ मला दाखवा." तोंडी सांगितलेली अट ही अट नाही. "आमच्याकडे असंच असतं" ही तर अजिबातच नाही.

कायद्याचं एखादं वाक्य खिशात असू द्या, पण एकच. फसव्या जाहिरातींबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं ९ जून २०२२ ला आली, आणि ती पेपरातल्या जाहिरातीपासून दारावरच्या बोर्डापर्यंत सगळ्याला लागू आहेत. मूळ दावा ज्या भाषेत, त्याच भाषेत आणि त्याच फाँटमध्ये खालची टीप हवी, ती ठळक दिसेल अशी हवी, आणि वर दिलेलं टिपेत काढून घेता येत नाही. म्हणजे बोर्ड मराठीत आणि अटी बारीक इंग्रजीत, हे चालत नाही. 'मोफत' शब्दालाही नियम आहे: ज्याचे पैसे पॅकेजच्या किमतीत आधीच धरले आहेत, त्याला मोफत म्हणायचं नाही.

"ऑफर कधीही बंद करण्याचा हक्क राखीव" ही ओळ मॅनेजर दाखवेलच. माझं मत विचाराल तर ती ओळ उद्यासाठी आहे. आज ऑर्डर घेऊन, वाढून झाल्यावर ती उगवू शकत नाही.

तरीही नाहीच म्हणाले, तर पैसे द्या. न देता उठून जाऊ नका, त्याने तुमचीच बाजू लंगडी होते. बिलावर पेनाने लिहा: "जाहिरातीप्रमाणे सूट दिली नाही. आक्षेप नोंदवून रक्कम भरली." खाली तारीख, वेळ, सही. त्याचा फोटो काढा, बोर्डाचाही काढा. पक्कं बिल घ्याच. बिल न देणं हीच २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली अनुचित व्यापारी प्रथा आहे.

आता गिऱ्हाईकाबद्दलही बोलते, नाहीतर माझे जुने सहकारी माफ करणार नाहीत. एक अनलिमिटेड घेऊन दोघांनी खाणं, चार पोळ्या पर्समध्ये टाकणं, गेल्या दिवाळीचा स्क्रीनशॉट या दिवाळीला दाखवणं, दोन कूपनं एकाच बिलावर चालवायचा हट्ट धरणं, यात हॉटेलचं बरोबर असतं. एका आजींनी माझ्यासमोर डब्यात बासुंदी भरली होती. मी दुसरीकडे बघितलं, ती गोष्ट वेगळी.

घरी आल्यावर

आधी हॉटेललाच लेखी कळवा, ईमेलने किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर. एवढं पुरतं:

"अमुक तारखेला रात्री नऊ वाजता आम्ही पाच जण आपल्याकडे जेवलो. बिल क्रमांक अमुक. आपल्या जाहिरातीप्रमाणे ४५० रुपयांची थाळी मोफत मिळायला हवी होती, ती दिली नाही. जाहिरातीचा व बिलाचा फोटो सोबत आहे. १५ दिवसांत ४५० रुपये व त्यावर आकारलेला कर परत करावा, अन्यथा ग्राहक हेल्पलाइनकडे तक्रार करू."

यात 'लूट', 'चोर', 'तुम्हाला बघून घेईन' नको. असं पत्र आलं की आमचे मालक ते वाचून बाजूला टाकायचे. रक्कम, बिल नंबर आणि फोटो असलेलं पत्र आलं की मला हाक यायची, "जरा बघ गं काय झालंय."

उत्तर नाही आलं तर १९१५. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, सकाळी आठ ते रात्री आठ, मराठीतही बोलता येतं. तक्रार क्रमांक मिळतो तो जपून ठेवा. हेल्पलाइन निकाल देत नाही, तुमची तक्रार हॉटेलकडे पोचवते, पण सरकारी क्रमांक लागलेली तक्रार मॅनेजर सहसा टाळत नाही.

त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. दोन वर्षांच्या आत जाता येतं, हॉटेल कुठेही असलं तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागत नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या अर्ज होतो. पण ४५० रुपयांसाठी तारखांना जाऊ नका असंच मी सांगेन. मुंजीसाठी, बारशासाठी हॉल घेतलाय, 'पन्नास थाळ्यांवर दहा मोफत' म्हणून आगाऊ रक्कम भरली आणि मग शब्द फिरवला, तर मात्र जरूर जा.

राहिला गूगल रिव्ह्यू. त्याचं वजन तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त असतं. शिव्या नकोत, फोटो टाका. आमचे मालक सोमवारी सकाळी चहा घेत सगळे रिव्ह्यू वाचायचे. एका ताईंनी एकदा एकच ओळ लिहिली, "अटी कुंडीमागे आहेत", आणि खाली फोटो. मंगळवारपासून कुंडी जिन्यापाशी गेली. पाणी घालायला मला गल्ला सोडून जावं लागायचं.