न जन्मलेली पिल्लं आधी मोजा

बडोद्यात सयाजीराव विद्यापीठातून एमएस्सी करून नॉकआउट उंदरांच्या लॅबमध्ये निघालेली आपली मराठी मुलं-मुली जाण्याआधी दांडिया बाजारात आमच्याकडे डोकावतात. क्रिस्पर (जनुकं कापून बदलायचं तंत्र) कसं शिकू, सिक्वेन्सिंग (डीएनएची अक्षरं वाचणं) कुठे शिकू, हेच विचारतात. माझं सांगणं असतं, पहिले काही महिने ब्रीडिंगची वही, म्हणजे कोणत्या जोडीला किती आणि कसली पिल्लं झाली याची नोंद, नीट सांभाळा. जन्मजात विकारांवरचं काम तिथून सुरू होतं.

एखादं जनुक मुद्दाम बंद पाडलेला उंदीर म्हणजे नॉकआउट. हे तंत्र उभं करणाऱ्या कापेकी, इव्हान्स आणि स्मिथीज यांना 2007 चं नोबेल मिळालं. जनुकाची एकच प्रत बंद असलेले नर-मादी, म्हणजे लॅबमधले ‘हेट’, एकत्र ठेवले की मेंडेलच्या हिशेबाने पाव पिल्लं पूर्ण नॉकआउट निघायला हवीत. तीन आठवड्यांनी कानाचा इवलासा तुकडा घेऊन पीसीआर करायचा, म्हणजे त्या जनुकाच्या डीएनएच्या भरपूर प्रती काढून तपासायच्या. डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या जेलवर हेटचे दोन बँड (पट्टे) दिसतात, बाकीच्यांचा एकेक. लिटरमागून लिटर (एका वेळी जन्मलेली पिल्लं) नॉकआउट दिसतच नसेल, तर पीसीआरला दोष देण्याआधी बेरीज करा. 8 पिल्लांत एकही न निघणं निव्वळ योगायोगाने 10 टक्के वेळा घडतं, 24 पिल्लांत जेमतेम हजारात एकदा. तेव्हा समजायचं की ती पिल्लं मधेच कुठेतरी मरताहेत, आणि कधी मरताहेत हाच आता तुमचा प्रश्न.

त्यासाठी टाइम्ड मेटिंग, म्हणजे गर्भाचं वय नेमकं कळावं म्हणून मिलनाचा दिवस टिपून ठेवणं. मादीच्या केजमध्ये आधी नराचं वापरलेलं बेडिंग टाकून ठेवा, बऱ्याच माद्या तिसऱ्या रात्री तयार होतात. सकाळी लवकर जाऊन प्लग (मिलनानंतर मादीच्या योनीत घट्ट झालेलं वीर्याचं बूच) बघा, उशीर केलात तर तो गळून गेलेला असतो. त्या दिवशीची दुपार म्हणजे ई 0.5 (गर्भाचं वय अर्धा दिवस), आणि पुढचं सगळं मोजमाप तिथूनच.

जन्माच्या दिवशी मात्र स्वतः हजर राहा, कारण मेलेली पिल्लं आई खाऊन टाकते आणि पुरावा जातो. नवजात पिल्लाची कातडी इतकी पातळ असते की पोटातलं दूध पांढरं दिसतं. टाळू दुभंगलेल्या पिल्लात तो पांढरा ठिपका नसतो, उलट गिळलेल्या हवेने पोट फुगलेलं असतं. टाळू ई 15 च्या सुमारास जुळते, म्हणजे शोध तिथे न्यायचा.

माणसाशी तुलना जपून करा. 22क्यू11 डिलीशनच्या (22 व्या गुणसूत्राचा छोटा तुकडा गळालेल्या) मुलांत टीबीएक्स1 या जनुकाची एकच प्रत गेलेली असते, तरी हृदय, टाळू, थायमस (छातीतली प्रतिकारशक्तीची ग्रंथी) यांत दोष दिसू शकतात. उंदरात एक प्रत गेली तर दोष मुख्यतः महाधमनीच्या कमानीत. टाळू आणि थायमसपर्यंतचं पूर्ण चित्र दोन्ही प्रती गेल्यावर उमटतं. हे 2001 मध्येच दिसलं. एवढ्यावरून मॉडेल टाकाऊ ठरत नाही. फक्त हेटकडून सगळ्या लक्षणांची अपेक्षा धरू नका.

एथिक्स कमिटीची मंजुरी हातात येईपर्यंत एकाही प्राण्याला हात लावायचा नाही, त्यात सूट नाही.

शेवटचं, स्ट्रेन, म्हणजे उंदरांचा वाण. ईजीएफआर हे जनुक नसलेली पिल्लं एका स्ट्रेनमध्ये गर्भ रुजतानाच मरतात, दुसऱ्यात गर्भकाळाच्या मध्यावर, तिसऱ्यात जन्मून तीन आठवडेही जगतात. म्हणून लॅबमध्ये रुजू होताच विचारा की हे उंदीर कोणत्या स्ट्रेनवर आहेत आणि किती पिढ्या बॅकक्रॉस (त्याच स्ट्रेनशी पुन्हापुन्हा संकर) झाल्यात, आणि उत्तर वहीच्या पहिल्या पानावर तारखेसकट लिहा.