नीतिसूत्रे महिनाभर कशी वाचावीत

बायबलमधील नीतिसूत्रांच्या पुस्तकात 31 अध्याय आहेत, म्हणून तारखेप्रमाणे रोज एक वाचणे सोयीचे पडते. 30 दिवसांच्या महिन्यात शेवटचे दोन एकाच दिवशी घ्या. खाडा झाला तर मागचे भरून काढत बसू नका, त्या दिवसाची तारीख धरा.

आधी याकोबाच्या पत्रातील 1:5 (अध्याय 1, वचन 5) प्रमाणे देवाजवळ सुज्ञता मागा. ज्यात अडलात ती गोष्ट नाव घेऊन सांगा: भावाशी जमिनीचा वाद, नोकरी, मुलाचे वागणे. मागणे मोघम असले की वाचनही मोघम होते.

पहिले नऊ अध्याय म्हणजे बहुतांशी बापाने मुलाला केलेला उपदेश. तो सलग वाचा. दहाव्यापासून दोन-दोन ओळींची सुटी वचने लागतात आणि तिथे घाई केली की एकही मनात राहत नाही. अध्याय मोठ्याने वाचून एकच वचन वहीत उतरवा. समजा 18:17 निवडले: आधी बाजू मांडणारा खरा वाटतो, दुसरा येऊन त्याची तपासणी करेपर्यंत. खाली लिहा, सध्या कोणाची एकच बाजू ऐकून मी मत बनवले आहे? मग दुसऱ्याला त्याच दिवशी फोन करा.

सूत्राला हमीपत्र समजणे ही सर्वांत घातक चूक. मुलाला योग्य वळण लावले तर तो म्हातारपणीही ते सोडणार नाही (22:6), हे सहसा असे घडते म्हणून सांगितले आहे. भरकटलेल्या मुलाच्या आईबापांना ते ऐकवणे निर्दयपणाचे आहे. बायबलमधील ईयोबाच्या पुस्तकात, मोठ्या संकटात सापडलेल्या ईयोबाच्या मित्रांनीही खरी वाटणारी वचने त्या दुःखी माणसावर फेकली, आणि ईयोब 42:7 मध्ये देव त्यांच्यावरच संतापला. म्हणून नीतिसूत्रांच्या पाठोपाठ ईयोब वाचाच. शिवाय नीतिसूत्रे 26:4 म्हणते मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको, आणि 26:5 म्हणते दे. समोर कोण आहे, वेळ कोणती, हे पाहूनच यातले एक निवडावे लागते.

निर्णयाआधी याकोब 3:17 लावून पाहा. वरून येणारी सुज्ञता शुद्ध, शांतिप्रिय, सौम्य असते. आपले म्हणणे बरोबर असूनही त्यात सौम्यता नसेल, तर एक रात्र थांबा.

वहीत तारीख आणि वचनाशेजारी तिसरा रकाना ठेवा: काय केले. येशू शहाणा म्हणतो तो वचने ऐकून तसे वागणाऱ्यालाच (मत्तय 7:24). पुढच्या महिन्यात तीच तारीख आली की आधी हा रकाना वाचा, मग अध्याय.