कुत्र्यामांजरांसह भाड्याच्या घरात राहताना अनामत रक्कम कशी सांभाळावी

कुत्रा किंवा मांजर पाळणाऱ्या भाडेकरूने घर सोडले की अनामत रकमेचा वाद बहुधा शेवटच्या दिवशी, किल्ल्या परत करताना सुरू होतो. मात्र ज्या पुराव्यांवर तो सुटतो, ते राहायला आल्याच्या दिवशीच तयार करून ठेवावे लागतात. घरमालक म्हणतात, दार कुत्र्याने कुरतडले; भाडेकरू म्हणतात, ते आधीपासून तसेच होते; आणि अकरा महिन्यांपूर्वीची त्या दाराची स्थिती कोणाकडेच नोंदलेली नसते. पुढील माहिती महाराष्ट्रातील लिव्ह अँड लायसन्स करारांना धरून आहे.

सर्वप्रथम करार नोंदवलेला आहे याची खात्री करावी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, व ती नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. तसा करार नसेल, तर जागा कोणत्या अटींवर दिली होती याबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, मात्र घरमालकाला ते खोटे असल्याचे सिद्ध करता येते. जे घरमालक थोडा खर्च वाचवण्यासाठी नोंदणी टाळतात, ते वादाच्या वेळी स्वतःचीच बाजू दुबळी करून बसतात.

बहुतेक करार छापील नमुन्यावरून तयार होतात आणि त्यात प्राण्यांचा उल्लेखच नसतो. ‘मालकांना चालतं’ हे एजंटचे तोंडी आश्वासन पुरेसे समजू नये. प्राणी कोणता, किती, आणि नुकसान झाल्यास काय करायचे, हे करारात स्पष्ट लिहून घ्यावे. उदाहरणार्थ (करारात भाडेकरूला परवानाधारक आणि घरमालकाला परवानादाता म्हणतात): ‘परवानाधारकाने एक पाळीव कुत्रा ठेवण्यास परवानादात्याची संमती आहे. सदर प्राण्यामुळे नेहमीच्या वापरातील झिजेपलीकडे नुकसान झाल्यास, वस्तूचे वय विचारात घेऊन, बिलाच्या आधारे दुरुस्तीचा वाजवी खर्च अनामत रकमेतून वजा करता येईल, आणि उर्वरित रक्कम ताबा देतेवेळीच परत केली जाईल.’ ‘ताबा देतेवेळीच’ हे शब्द आग्रहाने घालावेत, कारण ‘पुढचा भाडेकरू आल्यावर देऊ’ या उत्तराला तेवढाच अटकाव असतो.

काही करारांत प्राण्याने नुकसान केल्यास संपूर्ण अनामत जप्त होईल, अशी अट असते. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात नमूद केलेली रक्कम ही भरपाईची कमाल मर्यादा असते, आणि तिच्या आत वाजवी भरपाईच मिळते. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या निकालात हे कलम उलगडताना नुकसान झालेले असणे आवश्यक मानले. म्हणून एका ओरखड्यासाठी लाखभर रुपये अडवून ठेवणाऱ्या घरमालकाने आपले प्रत्यक्ष नुकसान किती झाले, हे दाखवलेच पाहिजे. दुसरीकडे, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण सोसायटीला प्राणी पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, एवढ्यावरून घरमालकही संमती देण्यास बांधील आहेत, असा निष्कर्ष भाडेकरूंनी काढू नये. सोसायटीचा प्रश्न वेगळा आणि कराराचा वेगळा.

राहायला आल्याच्या दिवशी, सामान लावण्यापूर्वी, घराची पाहणी करावी. प्राण्यांमुळे होणारे नुकसान मुख्यतः जमिनीपासून दोन-अडीच फुटांत असते, आणि छायाचित्रे काढताना नेमका तोच भाग सुटतो. प्रत्येक दाराचा खालचा भाग दोन्ही बाजूंनी, चौकटींचे कोपरे, स्कर्टिंग, ओट्याखालच्या ट्रॉलींचे दर्शनी भाग, खिडक्यांच्या जाळ्या, सोफ्याचे हात आणि गादीची उलटी बाजू यांची जवळून छायाचित्रे घ्यावीत. मग सर्व खोल्यांतून न थांबता एक चित्रफीत करावी आणि ती त्याच दिवशी घरमालकांना व्हॉट्सॲप किंवा ईमेलने, ‘आज ताबा घेताना घराची स्थिती अशी आहे’ असे लिहून पाठवावी. मूळ फाइल आणि संदेश पुसू नयेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत न्यायालयात देताना प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि मूळ नोंद जपलेली असेल तर ते देणे सोपे जाते.

पावसाळ्यानंतर घर सोडत असाल, तर एक फरक ओळखता आला पाहिजे, कारण ओलीचा दोष प्राण्याच्या माथी मारला जाणे ही नेहमीची गोष्ट आहे. न्हाणीघराच्या दाराची चौकट तळाशी फुगून सनमायका सुटला असेल, तर ते पाण्याचे काम असते. भिंतीवर पांढरी पूड येऊन रंगाचे पोपडे निघत असतील, तर भिंतीला लोणा लागलेला असतो. लाकडावर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या, तर ती वाळवी असते. कुत्र्याच्या नखांचे ओरखडे मात्र उभे, जवळजवळ समांतर आणि त्याच्या पुढच्या पायांच्या उंचीला असतात. चावलेल्या कडेवर दातांचे खड्डे दिसतात. संगमरवरावर लघवी बराच वेळ राहिली, तर चकाकी जाऊन डाग पडू शकतो, पण फरशी ॲसिडने धुतल्यानेही चकाकी जाते, म्हणून नुसता डाग पाहून निष्कर्ष काढू नये. नुकसान खरोखर आपल्या प्राण्याने केले असेल, तर ते प्रामाणिकपणे मान्य करावे. एका दाराची जबाबदारी नाकारणाऱ्याचे बाकी सर्व बाबतींतले म्हणणेही संशयास्पद ठरते, आणि पुढच्या प्राणी पाळणाऱ्या भाडेकरूला त्या घराचे दार बंद होते.

वजावटीचा हिशेब वस्तूगणिक व्हावा. समजा, दाराचा सनमायका बदलण्यास ८,००० रुपये लागतात, तो पाच वर्षे जुना आहे आणि साधारण दहा वर्षे टिकेल असे दोघांनी मानले. तर भाडेकरूकडून ४,००० रुपये घेणे न्याय्य ठरते, कारण नव्या सनमायकाची पूर्ण किंमत घेतल्यास घरमालकांना जुन्याच्या बदल्यात नवे फुकट मिळते. रंगालाही हेच लागू आहे. घर सोडताना एक महिन्याचे भाडे रंगासाठी कापण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. करारात तसे लिहिले असेल आणि ती रक्कम कापली असेल, तर त्याच भिंतींवरील पंजांच्या खुणांसाठी पुन्हा पैसे मागणे म्हणजे एकाच कामाचे दोनदा पैसे घेणे होय.

घर सोडण्याच्या दोन-तीन आठवडे आधी घरमालकांना बोलावून एकत्र पाहणी करावी आणि यादीवर दोघांच्या सह्या घ्याव्यात. यामुळे जाळी बदलणे, चौकट लांबी भरून रंगवणे अशी लहान कामे आपल्या सुताराकडून करून घेता येतात. लघवीच्या वासासाठी एन्झाइमयुक्त द्रावण वापरावे. अमोनियायुक्त द्रावणाने वास लघवीसारखाच राहून प्राणी पुन्हा तेथेच जाऊ शकतो, आणि फिनेल मांजरांना विषारी असल्याने मांजर घरात असेपर्यंत ते मुळीच वापरू नये.

अनामत मिळेपर्यंत घर सोडायचे नाही, असा पवित्रा मात्र धोक्याचा आहे. मुदत संपल्यावर ताबा न दिल्यास १९९९ च्या त्याच अधिनियमाच्या कलम २४ नुसार परवाना शुल्काच्या, म्हणजे भाड्याच्या, दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. ठरल्या दिवशी ताबा द्यावा, किल्ल्या मिळाल्याची लेखी पोच आणि वीजमीटरच्या वाचनाचे छायाचित्र घ्यावे, आणि सकाळच्या उजेडात पुन्हा तशीच चित्रफीत करावी.

पैसे अडले, तर आधी साधे पत्र स्पीड पोस्टाने आणि ईमेलने पाठवावे: ‘मी अमुक तारखेस सदनिकेचा ताबा आपणांस दिला आहे. आपण अनामत रकमेतून केलेल्या वजावटीचा वस्तूनिहाय तपशील व बिले कृपया १५ दिवसांत द्यावीत आणि उर्वरित रक्कम माझ्या खात्यात जमा करावी.’ पत्रात प्राण्यावरचे आरोप-प्रत्यारोप नकोत, फक्त तारखा आणि रकमा असाव्यात. उत्तर न आल्यास वकिलामार्फत नोटीस द्यावी. रक्कम परत मिळण्याच्या दाव्याची मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षांची असते, त्यामुळे घाई नसली तरी विसरून चालणार नाही.

दावा दाखल करण्यापूर्वी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून प्रकरण दाखलपूर्व स्वरूपात लोकअदालतीत ठेवता येते. तीस-चाळीस हजारांच्या वादासाठी मला हाच मार्ग सर्वांत योग्य वाटतो, कारण वर्षानुवर्षे तारखा घेण्यात त्याहून अधिक खर्च होतो. लोकअदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच अंमलात येतो आणि त्याविरुद्ध अपील करता येत नाही. म्हणून सही करण्यापूर्वी रक्कम, ती देण्याची तारीख आणि हप्ते असल्यास त्यांचा तपशील शब्दशः वाचून घ्यावा. तडजोड आपसांत झाली, तर ‘संपूर्ण व अंतिम हिशेब मिळाला’ या पावतीवर पैसे खात्यात जमा झाल्यानंतरच सही करावी.