वणव्यानंतरच्या जंगलातील भूछत्रांची पाहणी कशी करावी

वणवा सगळे जंगल सारखे जाळत नाही. एका जागी नुसता पालापाचोळा करपतो, तर दहा पावलांवर आडवा पडलेला ओंडका दीर्घकाळ धुमसत राहिल्याने खालची माती भाजून लालसर होते. भूछत्रांच्या दृष्टीने या दोन निराळ्या वस्त्या आहेत. म्हणून पाहणीची सुरुवात भूछत्रे शोधण्यापासून नव्हे, तर दाहाची तीव्रता नोंदवण्यापासून करावी. पांढरी राख जवळजवळ पूर्ण ज्वलनाची आणि काळा कोळसा अर्धवट ज्वलनाची खूण असते. उपग्रहचित्रांवरून तयार केलेला नकाशा जागा निवडायला उपयोगी पडतो. तथापि वरून दिसणाऱ्या शेंड्यांवरून जमिनीची अवस्था नेमकी कळत नाही, ती वाकूनच पाहावी लागते.

रीतसर परवानगी घेऊन तीव्र, मध्यम आणि सौम्य जळालेल्या भागांत प्रत्येकी काही पट्टे आखावेत आणि तितकेच पट्टे झाडोरा, उतार व माती तशीच असलेल्या न जळलेल्या भागातही ठेवावेत. हा तुलनेचा भाग वगळला, तर हाती फार तर नावांची यादी लागते; वणव्याने काय बदलले, हे तिच्यावरून सांगता येत नाही. पट्टा 50 मीटर लांब व 2 मीटर रुंद असला तरी चालतो, मात्र सर्व पट्ट्यांचे माप एकच हवे आणि टोकांना धातूच्या खुणा हव्यात. मुळे जळालेली झाडे वारा नसतानाही कोसळतात आणि राखेखाली पोकळ खड्डे असतात, त्यामुळे एकट्याने जाऊ नये.

एका फेरीत हे काम होत नाही. जळक्या मातीवर वाढणाऱ्या पायरोनेमा या बुरशीचा नारिंगी थर वणव्यानंतर काही आठवड्यांतच दिसू शकतो. थंड प्रदेशातील सूचिपर्णी जंगलांत मोरेल नावाची भूछत्रे बहुधा पुढच्या वसंतात उगवतात. कोळशावर वाढणाऱ्या फोलिओटाची छत्रे त्यानंतरही येत राहतात. ओलाव्याच्या हंगामात दर दोन आठवड्यांनी, आणि शक्य असल्यास निदान दोन-तीन वर्षे, त्याच पट्ट्यांवर प्रत्येक वेळी तेवढाच वेळ द्यावा.

मोजणीत नवख्याची गल्लत येथेच होते. जमिनीखालच्या एकाच कवकजाळातून, म्हणजे बुरशीच्या तंतूंच्या जाळ्यातून, शंभर छत्रे वर येऊ शकतात, त्यामुळे छत्रांची संख्या म्हणजे कवकांची संख्या नव्हे. पट्ट्याचे एक-एक मीटरचे तुकडे पाडून कोणती जात किती तुकड्यांत आढळली, हे लिहिणे माझ्या मते अधिक विश्वासार्ह ठरते.

नमुना उपटण्याआधी त्याचे जागेवरच छायाचित्र घ्यावे, त्यात छत्रीची खालची बाजू व दांड्याचा बुंधाही दिसावा. तो राखेत, कोळशावर, मुळाशी की जळक्या लाकडावर उगवला, हे तिथल्या तिथे लिहावे. वास आणि रंग संध्याकाळपर्यंत टिकत नाहीत. नमुने कागदी पिशवीत ठेवावेत, प्लॅस्टिकमध्ये ते घाम येऊन कुजतात. एका छत्रीचा बीजाणुठसा (छत्री कागदावर ठेवल्यावर तिच्यातून गळणाऱ्या बीजाणूंचा ठसा) घेऊन उरलेला नमुना सुमारे 40 अंश सेल्सिअसला कडकडीत वाळवावा आणि त्याला छायाचित्राचाच क्रमांक द्यावा. डोळ्यांनी जात ठरत नसेल, तर वाळलेल्या तुकड्यातील डीएनएच्या आयटीएस या, कवकांच्या जाती ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या, भागावरून ओळख पटवता येते. यांतील काहीही खाण्यासाठी गोळा करू नये. ओळख अनिश्चित असते आणि राखेत जड धातू असू शकतात.

नोंदींचा अर्थ लावताना एक मर्यादा ध्यानात ठेवावी. छत्र उगवले नाही म्हणून कवक नाहीसे झाले, असे होत नाही. झाडांच्या मुळांशी सहजीवन करणारी कवके वरच्या थरात भाजून मेली तरी खोल मातीत तग धरू शकतात. हे तपासायचे असेल, तर पट्ट्यांवरील माती वेगवेगळ्या खोलीवरून घेऊन तिच्या डीएनएची चाचणी करावी. मृत कवकांचा डीएनएही मातीत काही काळ टिकतो, म्हणून छत्रांची यादी आणि मातीतील यादी एकत्र न मिसळता दोन स्वतंत्र स्तंभांत ठेवावी.