चौफुलीवरचा अपघात कोणाच्या हद्दीत? गावातली वाचन-बैठक कशी चालवावी

मी चिखली तालुक्यातल्या एका ड वर्ग वाचनालयाची ग्रंथपाल. एक खोली, दोन लोखंडी कपाटं, एक सतरंजी. तीन वर्षांपासून तिथं बायांची बैठक बसते आणि आम्ही अमेरिकेतल्या काळ्या स्त्रीवादी विदुषींचे विचार वाचतो. ऐकणारे आधी हसतात, मग हळूच विचारतात, जमवता कसं? तेवढ्यासाठी हे लिहिते.

दिवस आठवडी बाजाराचा धरा. त्या दिवशी निंदनाला, वेचणीला कोणी जात नाही आणि आठवड्याची मजुरीही हाती आलेली असते. बाराला बसायचं, दोनला उठायचं, मग बाजार. सोयाबीन सोंगायला आलं की बैठक सरळ बंद ठेवा. तेव्हा बोलावलं तर येणार कोणीच नाही, आणि वर राग तुमच्यावर.

जागेचा विचार नीट करा. मारुतीच्या पारावर बसलात तर अर्ध्या बाया येणार नाहीत, बुद्धविहारात बसलात तर उरलेल्या अर्ध्या. वाचनालय त्यातल्या त्यात बरं. चहाची मात्र पाळी लावाच, सगळ्या घरांची. आमच्याकडे दोघींनी पहिल्या चार बैठकांत “मले चहा चालत नाही” असं सांगितलं. त्यांच्या घरी दिवसातून चारदा चहा होतो हे गावाला ठाऊक. मी काही बोलले नाही. आता एक पिते. दुसरी अजून नाही.

माझी पहिली बैठक पार फसली. चाळीस मिनिटं मी टिपणं वाचत होते: संकल्पना, परिप्रेक्ष्य, काय काय. शेवटी एक काकू म्हणाल्या, “हे आमाले काहून सांगून राह्यली वं माय?” उत्तर नव्हतं माझ्याकडे. तेव्हापासून एका बैठकीला एकच पान, मोठ्या अक्षरात हातानं लिहिलेलं, आणि सुरुवात विचारापासून न करता घडलेल्या गोष्टीपासून.

पहिली गोष्ट म्हणून जनरल मोटर्स या अमेरिकेतल्या मोटारी बनवणाऱ्या कंपनीवरचा खटला घ्या. या कंपनीनं १९६४ च्या आधी काळ्या बायांना कामावर घेतलंच नव्हतं. पुढं मंदी आली, नंतर लागलेल्यांना आधी काढायचं ठरलं, आणि काळ्या बाया साफ बाहेर फेकल्या गेल्या. पाच जणी कोर्टात गेल्या. १९७६ साली कोर्टाचं म्हणणं पडलं की कंपनीनं बायांना कामावर घेतलेलं आहे, म्हणजे बाई म्हणून अन्याय नाही. त्या बाया गोऱ्या होत्या, ही गोष्ट वेगळी. आणि काळे म्हणून तक्रार असेल तर काळ्या कामगारांचा दुसरा दावा आहे, त्यात जा. दोन्ही मिळून एक तक्रार चालणार नाही. किंबर्ले क्रेनशॉ या कायद्याच्या अभ्यासक बाईंनी १९८९ साली याच खटल्यावर बोट ठेवलं आणि चौफुलीचं उदाहरण दिलं: गाड्या चारी बाजूंनी येतात, मधोमध उभ्या असलेल्या बाईला कोणत्या गाडीनं धडक दिली हे दर वेळी सांगता येत नाही.

इथं पान खाली ठेवा आणि गप्प बसा. हे सगळ्यात अवघड काम, मला अजून नीट जमत नाही. आमच्याकडे बराच वेळ कोणी बोललं नाही. मग एकजण म्हणाली, “अवं, म्हंजे अपघात झाला चौफुलीवर, अन् दोन्ही ठाण्याचे पोलीस म्हणते, आमच्या हद्दीत नाही.” विद्यापीठात याला आंतरछेदिता म्हणतात. आमच्याकडे त्या दिवसापासून ‘हद्दीचं लफडं’. तुमच्या बायांना तुमचा शब्द सापडेल, आमचा उचलू नका.

मग उदाहरणं आपोआप येतात. एक आजी म्हणाल्या, “बचत गटात मी त्या मोहल्ल्यातली, अन् मोहल्ल्याच्या बैठकीत चहा करणारी.”

पण लगेच ‘तिकडचे काळे तसे इकडचे दलित’ असं समीकरण फळ्यावर लिहू नका. गुलामांचा बाजार आणि गावकुसाबाहेरची वस्ती, दोन्हींची घडण वेगळी. नातं मात्र जुनं आहे. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामी मोडणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. आणि इकडची माणसंही सोबत वाचा: १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे आपल्याच बुलढाण्याच्या. १९४२ च्या जुलैत नागपूरला दलित महिला परिषद भरली, अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. हे मला शाळेत कोणी शिकवलं नाही.

विदुषी म्हटलं की डोळ्यापुढं शाल-श्रीफळ येतं. ते काढायला पॅट्रिशिया हिल कॉलिन्स या काळ्या समाजशास्त्रज्ञ बाईंचं १९९० मधलं म्हणणं कामी येतं. त्यांनी गुलामगिरीतून सुटून गावोगाव भाषणं देणाऱ्या सोजर्नर ट्रूथ या काळ्या बाईंनाही विचारवंतांच्या रांगेत बसवलं, आणि ट्रूथ यांना लिहिता-वाचता येत नव्हतं.

ट्रूथ यांच्यावर तर दोन बैठका द्या. १८५१ साली अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या अॅक्रन गावी, बायांच्या हक्कांच्या परिषदेत त्या बोलल्या. महिनाभरात एका वर्तमानपत्रात ते भाषण छापून आलं. त्यात ‘मी बाई नाही का?’ हे गाजलेलं पालुपद नाहीच! ते आलं बारा वर्षांनी, फ्रान्सिस गेज नावाच्या गोऱ्या बाईंनी छापलेल्या आवृत्तीत, तेही दक्षिणेतल्या गुलामांच्या बोलीत. ट्रूथ वाढल्या न्यूयॉर्क राज्यात, त्यांची पहिली भाषा डच.

हे नुसतं सांगू नका, करून बघा. एकीला दोन मिनिटं बोलू द्या आणि दोघींना वेगवेगळं लिहून घ्यायला सांगा. आमच्या बारावीतल्या पोरीनं काकूंची वऱ्हाडी पुस्तकी करून टाकली. “मले राग आला होता” याचं झालं “मला वाईट वाटले”. काकू म्हणाल्या, “वाईट कशाले वाटन? राग आला होता मले.” ती दोन्ही पानं मी जपून ठेवली आहेत.

वाचलेलं बाहेर न्यायचं ठिकाण म्हणजे ग्रामसभा. तिच्याआधी महिला सभा घ्यायची असते, हे कायद्यात आहे. आमच्या आजींनी महिला सभेत वस्तीतल्या नळाचं विचारलं. उत्तर मिळालं, वस्तीचा प्रश्न आहे, ग्रामसभेत मांडा. ग्रामसभेत मांडला तर म्हणे, पाणी भरणं बायांचं, महिला सभेत घ्यायचा होता. मागच्या रांगेतून आवाज आला, “हद्द!” आणि आमच्या साऱ्याजणी हसल्या. बाकीच्यांना काही कळलं नाही.

इतिवृत्तात ओळ पडली: ‘पाण्याबाबत महिलांनी चर्चा केली.’ म्हणून सांगते, दोघींनी वही घेऊन बसा, बोलणारीचं नाव आणि शब्द तसेच्या तसे टिपा, आणि इतिवृत्ताची नक्कल मागा. पुढच्या सभेत ते वाचून दाखवताना आजी उठल्या: “चर्चा नव्हती केली. म्या इचारलं होतं, नळ कधी देता. माझं नाव लिवा.” नाव लिहिलं गेलं. नळ अजून आलेला नाही. लेखी अर्जही दिला आहे, त्याची शिक्क्याची पोच आजींच्याच पिशवीत असते. पोच घेतल्याशिवाय तुम्हीही तिथून उठू नका, आणि तिची झेरॉक्स वाचनालयात ठेवा.